विरोधी बाक निष्फळ असतो काय?

‘आमदार सत्तेतलाच हवा, नाही तर तालुक्याचे काम होत नाही,’ हे वाक्य महाराष्ट्रात आता म्हणीच्या पदवीस पोहोचले आहे. आम्ही कामशेतला राहतो. नाणे मावळ, पवन मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतली माणसे येथे बाजाराला उतरतात, भात भरडून नेतात, लोकल पकडून पुण्यास जातात. एरवी या मंडळींचे कशावरही एकमत होत नाही. परंतु गिरणीच्या दारात पोत्यावर बसलेला शेतकरी आणि लोकलच्या खिडकीशी बसलेला इंजिनियर या एका वाक्यावर मात्र माना डोलावतात. शेतकरी म्हणतो, ‘सर, सत्तेतला पायजे, न्हाईतर रस्ता व्हत न्हाई’. इंजिनियर तेच जरा शुद्ध भाषेत आणि ‘वास्तववाद’ हा शब्द जोडून सांगतो. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा पुष्कळ आमदारांनी आपल्या वर्तनाचे समर्थन याच वाक्याने केले. मतदारसंघाच्या विकासासाठी आम्ही गेलो, असे ते म्हणाले. आणि लोकांनी ते खरे मानले असे नव्हे, पण गैर मानले नाही. आमच्या मते खरी भीतीची गोष्ट ही दुसरी आहे. आमदार पक्ष सोडतो हे वाईट. परंतु त्याने पक्ष सोडण्याचे जे कारण सांगितले ते ऐकून सुशिक्षित कुटुंबांत ‘बरोबरच आहे की’ असे उद्गार निघावेत, हे त्याहून वाईट.

या मताचे खंडन तर्काने करता येईल. परंतु ज्यांस तर्काचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्याच भूमीवर एक उदाहरण उभे आहे, आणि ते एवढे मोठे आहे की ते न दिसण्यास बरेच प्रयत्न करावे लागतात. ते उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख.

गणपतराव वकील होते. शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते १९६२ साली प्रथम विधानसभेत आले. १९६७ साली पुन्हा आले. १९७२ साली पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, आणि त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९० अशा लागोपाठ निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी त्यांचा पराभव झाला. १९९९, २००४, २००९ आणि २०१४ या चारही वेळी सांगोल्याने त्यांस पुन्हा पाठविले. एकूण अकरा वेळा. मतदारसंघ एकच, पक्ष एकच. २०१९ साली वार्धक्यामुळे ते उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर वर्तमानपत्रांत आणि सभांत जे बोलले गेले ते आम्ही लक्षपूर्वक वाचले व ऐकले. त्यात श्रद्धा होती, आदर होता, डोळ्यांत पाणीही होते. पण त्याचा नव्वद टक्के भाग एका एस. टी. बसने व्यापला होता. गणपतराव एस. टी.ने प्रवास करीत. गणपतराव साधे राहत. गणपतरावांनी संपत्ती जमविली नाही. हे सारे खरे आहे आणि थोर आहे. तथापि त्या एस. टी.त बसून ते कोठे जात होते आणि तेथे जाऊन काय करीत होते, हे विचारण्याची उत्सुकता आम्हांस फारच थोड्या लेखकांत दिसली. साधेपणाची स्तुती करण्यास काही खर्च येत नाही. ती करताना आपण स्वतः काही मान्य करीत नाही, काही सोडीत नाही, काही बदलीत नाही. उलट, अमुक एक मनुष्य संत होता असे एकदा म्हटले की, त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारी बाकीच्यांवरून आपोआप उतरते. कारण संतांसारखे वागावयाचे नसते, त्यांच्या तसबिरीस हार घालावयाचा असतो. गणपतरावांस संतपदी बसवून महाराष्ट्राने त्यांच्या राजकारणाचा विचार करण्याचे टाळले, असा आमचा आक्षेप आहे.

दुसरा प्रकार विक्रमाच्या कौतुकाचा. अकरा वेळा निवडून आले, अर्धशतक सभागृहात काढले, हा आकडा क्रिकेटच्या धावांसारखा सांगितला जातो. आकड्याचेच कौतुक करावयाचे तर केरळात के. एम. मणी हे गृहस्थ पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले. (त्यांतली पहिली, म्हणजे १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही, हा भाग निराळा, निवडून येणे आणि सभागृहात बसणे यांत फरक आहे याचा इतका चोख पुरावा दुसरा मिळणार नाही.) मणींची कारकीर्द मोठी होती यात शंका नाही, पण तिचा पुष्कळ काळ मंत्रिपदावर गेला आणि त्यांनी केरळचे तेरा अर्थसंकल्प मांडले. म्हणजे दीर्घ कारकीर्द दोन प्रकारची असू शकते. एक सत्तेच्या सावलीत वाढणारी आणि दुसरी उन्हात उभी राहणारी. आकडा दोघींचा सारखाच मोठा दिसेल. म्हणून आकडा बाजूस ठेवून आपण हिशेब दुसऱ्या रीतीने करू.

गणपतराव सभागृहाचे सभासद होते तो काळ सुमारे एक्कावन्न वर्षांचा भरतो. या काळात ते मंत्री होते दोनदा: १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात. पहिले सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. दुसऱ्याचा पाठिंबा शेकापने २००२ साली काढून घेतला. दोन्ही मिळून पाच वर्षेही होत नाहीत. म्हणजे उरलेली सेहेचाळीस वर्षे हा मनुष्य सत्तेबाहेर होता. आणि ‘सत्तेबाहेरचा आमदार काय कामाचा?’ या सिद्धान्ताप्रमाणे सांगोल्याच्या लोकांनी त्यांस दुसऱ्या नाही तरी तिसऱ्या निवडणुकीत घरी बसवावयास हवे होते. ते झाले नाही. २००२ साली सत्ता गेली, आणि २००४ साली सांगोल्याने त्यांस पुन्हा निवडून दिले. आता एक तर सांगोल्याचे लोक वेडे आहेत असे म्हणा, नाही तर सिद्धान्त खोटा आहे असे म्हणा. सांगोला हा दुष्काळी तालुका आहे. तेथील मनुष्य वेडा राहून जगू शकत नाही.

मग त्या सेहेचाळीस वर्षांत काय झाले? येथे थोडे सावकाश गेले पाहिजे, कारण याच ठिकाणी आमचे मृत्युलेखकार घाईने एस. टी.कडे वळले.

सांगोल्यास वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, आणि तोही ठरल्या वेळी येईल याचा भरवसा नाही. आमच्या लोणावळ्यात एका हंगामात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. माण नदी या तालुक्यातून वाहते असे भूगोलात लिहिलेले असते. पण वर्षाचा बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. अशा तालुक्याचा प्रतिनिधी सभागृहात प्रथम काय मागेल? तो काम मागेल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या लाखो माणसांनी खडी फोडली. त्या काळात शेकाप, कम्युनिस्ट, समाजवादी आणि लाल निशाण या पक्षांनी मोर्चे काढून आणि सभागृहात प्रश्न विचारून मागेल त्याला काम हे तत्त्व लावून धरले. कल्पना वि. स. पागे यांची. पागे हे विधान परिषदेचे सभापती आणि काँग्रेसचे गृहस्थ होते. पण कल्पना कागदावर असणे आणि ती कायदा होऊन सरकारच्या मानगुटीस बसणे यांत जे अंतर आहे ते केवळ सत्ताधारी पक्षाच्या सदिच्छेने तुटत नाही. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. गणपतराव १९७४ पासून पुन्हा सभागृहात होते, विरोधी बाकावर होते, आणि ग्रामीण मजुराच्या कामाचा हक्क हा त्यांच्या जन्मभराच्या आग्रहाचा विषय राहिला. पुढे २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्यापुढे महाराष्ट्राचाच अनुभव होता.

वाचकांपैकी जे पगारदार आहेत त्यांनी आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. तीत व्यवसाय कर म्हणून एक लहानशी रक्कम दरमहा कापलेली आढळेल. हा कर मुळात १९७५ साली रोजगार हमीचा खर्च भागविण्यासाठी बसला. शहरातील कारकुनाने आणि प्राध्यापकाने दुष्काळी तालुक्यातील मजुराच्या कामासाठी थोडा पैसा द्यावा, अशी ही व्यवस्था. आम्ही हा कर तीस वर्षे देत आलो आहो. आमच्या सहकाऱ्यांपैकी कितीजणांस तो का कापला जातो हे ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे. परंतु त्या सर्वांस गणपतराव एस. टी.ने जात हे ठाऊक आहे.

रोजगार हमीवर खडी फोडणे हाच शेवट नव्हता. १९९० साली फळबागांची लागवड या योजनेस जोडली गेली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभे राहिले. कमी पाण्यावर तग धरणारे हे झाड या तालुक्यास मानवले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे निघाली ती सांगोल्याहून, बंगालातील शालीमारला. डाळिंबाची सर्व पुण्याई आम्ही गणपतरावांच्या खात्यावर जमा करीत नाही. झाडे शेतकऱ्यांनी लावली. पण त्या शेतकऱ्याच्या पाठीशी जी योजना होती ती ज्या कायद्यातून आली तो कायदा कंत्राटदाराच्या दालनात शिजलेला नव्हता. तीच गोष्ट सूतगिरणीची. जेथे कापूस फारसा पिकत नाही त्या सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी त्यांनी उभी केली आणि ती चालवून दाखविली. महाराष्ट्रात कापसाच्या राशींवर बसलेल्या कित्येक सूतगिरण्या बुडाल्या. त्यांचे संस्थापक बहुधा सत्तेतलेच होते, हे सहज आठवले म्हणून सांगितले.

सर्वांत कठीण प्रश्न पाण्याचा. बच्छावत लवादाने १९७३ साली महाराष्ट्रास कृष्णेच्या पाण्याचा वाटा ठरवून दिला. ते पाणी अडविण्यास आणि वापरण्यास महाराष्ट्र सरकारने जो वेळ घेतला तो सर्वांस ठाऊक आहे. कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले ते १९९६ साली. पण त्याआधीच, १९९३ पासून, आटपाडीस दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली होती. क्रांतिसिंहांच्या प्रतिसरकारातले जुने लढवय्ये नागनाथअण्णा नायकवडी हे तिचे नेते, आणि गणपतराव त्यांच्या बरोबरीने उभे. त्यांची मागणी काय होती हे नीट समजून घ्यावे. ‘आमच्या तालुक्यास पाणी द्या’ एवढीच ती नव्हती. खोऱ्यातले पाणी सर्वांचे आहे, ते उसाच्या पट्ट्यातच मुरून चालणार नाही, प्रत्येक कुटुंबास त्यात न्याय्य वाटा हवा, अशी ती मागणी होती. त्यास त्यांनी समन्यायी वाटप हे नाव दिले. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी सांगोल्यापर्यंत चढविण्यास दशके लागली आणि तालुक्याची तहान पुरती भागली असे आजही कोणी म्हणणार नाही. तथापि जे झाले ते याचनेने झाले नाही. वर्षानुवर्षे परिषदेत ठराव करावयाचा, मोर्चा काढावयाचा आणि तोच विषय सभागृहात प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना या सर्व वाटांनी पुनःपुन्हा मांडावयाचा, या चिवटपणाने झाले.

आता आम्ही आमच्या मावळाकडे वळतो. कारण सांगोल्याचे कौतुक करून मावळाविषयी मौन पाळणे हा पळपुटेपणा होईल. मावळात पाणी पडते, धरणे आहेत, पवनेचे धरण बांधून अर्धे शतक लोटले. त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यांच्या नातवंडांच्या हयातीतही शिल्लक आहे. आणि पाण्यावरून येथे रक्त सांडले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. कामशेतपासून जवळच असलेल्या बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. पुढे कित्येक वर्षे ते काम स्थगित राहिले.

१९२१ साली आमच्या शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. तेव्हा मावळ्यांस रस्त्यावर आणि धरणाच्या भिंतीवर जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. राज्य परकीयांचे होते आणि भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, त्यांनीच केलेला होता. १९२१ आणि २०११ यांच्यामध्ये नव्वद वर्षे गेली, स्वराज्य आले, राज्य झाले, २८८ सभासदांचे सभागृह आले. मग मावळच्या शेतकऱ्यास १९२१ चाच मार्ग का धरावा लागला? त्यास नळयोजनेविषयी जे म्हणावयाचे होते ते सभागृहात इतके दीर्घकाळ, इतक्या तपशिलाने आणि इतक्या हट्टाने का म्हटले गेले नाही की सरकारला त्याच्याशी बोलल्यावाचून गत्यंतरच राहू नये? एखाद्या विशिष्ट आमदारास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. १९९५ पासून २०२४ पर्यंतच्या सात निवडणुकांत मावळाने चार व्यक्ती विधानसभेत पाठविल्या. त्यांतले कोणीही दोनदांहून अधिक वेळा निवडून गेलेले नाही. तो हक्क मतदारांचा आहे. आमचा आक्षेप मतदारांवर, म्हणजे आमच्यावर व आमच्या शेजाऱ्यांवर, एवढाच आहे की आम्ही आमदाराकडे मागतो काय? आम्ही मागतो सभामंडप, सिमेंटचा रस्ता, कमान, व्यायामशाळेचे साहित्य, आणि नव्या इमारतींत राहावयास आलेली सुशिक्षित कुटुंबे मागतात आवारात बसवावयाच्या फरश्या. पाण्याच्या वाटपाचा कायदा कोणी मागत नाही. जे मागितले ते मिळते.

येथे प्रतिपक्ष म्हणेल, ‘हे सर्व ठीक, पण सत्ताधारी आमदारास निधी मिळतो आणि विरोधकास मिळत नाही, हे तर सत्य आहे ना?’ यावर आमचे उत्तर असे. आमदाराचा स्थानिक विकास निधी पक्ष पाहून ठरत नाही. तो सर्वांस सारखा असतो. त्यापलीकडच्या रकमा वाटताना पक्षपात होतो, हे आम्हांस मान्य आहे. पण तो पक्षपात हा अन्याय आहे. सरकारी तिजोरीतला पैसा सांगोल्याच्या आणि कामशेतच्या माणसाने दिलेल्या करातून आलेला असतो. तो देताना ‘तुम्ही कोणास मत दिलेत?’ असे विचारणारे सरकार लाच देते आहे असेच म्हटले पाहिजे. अन्याय होतो म्हणून अन्याय करणाऱ्याच्या पंक्तीस जाऊन बसावे, हा उपाय ज्यास सुचतो त्यास वास्तववादी म्हणणे हा मराठी भाषेवरचा अत्याचार होय. १९८५ साली पक्षांतरबंदी घटनेत आली, २००३ साली एकतृतीयांशाच्या फुटीची पळवाट बुजविली गेली. तरीही वाटा निघतच आहेत, कारण त्या वाटेवर उभे राहून टाळ्या वाजविणारे आपणच आहो.

आणि मुख्य प्रश्न हा की, आमदार कशासाठी असतो? तो रस्ते बांधणारा ठेकेदार नव्हे, की तालुक्याचा मामलेदार नव्हे. तो कायदा करणाऱ्या सभेचा सभासद आहे. ज्या सभागृहात सरकारचे बहुमत ठरलेलेच असते तेथे एकटा विरोधी सभासद काय करू शकतो, असे विचारणाऱ्यांनी पुण्याचेच गोपाळराव गोखले आठवावेत. त्यांच्या सभागृहात तर सरकार कधी हरूच शकत नव्हते. १९०२ साली त्यांनी पहिल्या अंदाजपत्रकी भाषणात मिठावरच्या कराविरुद्ध आकडे मांडले. दर मणास अडीच रुपये असलेला हा कर १९०३, १९०५ आणि १९०७ साली टप्प्याटप्प्याने उतरून एक रुपयावर आला. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. १९१२ साली ते फेटाळले गेले. हे अपयश म्हणावयाचे काय? मुंबईच्या कौन्सिलात विठ्ठलभाई पटेल या बिनसरकारी सभासदाने तोच विषय पुन्हा उचलला आणि १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांच्या हद्दीपुरता का होईना, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. इंग्लंडच्या पार्लमेंटात सॅम्युअल प्लिम्सोल हा डार्बीचा एक सभासद विरोधी बाकावरून जुनाट, अतिभाराने बुडणाऱ्या जहाजांविषयी ओरडत राहिला. १८७५ साली सरकारने विषय लांबणीवर टाकला तेव्हा तो सभागृहातच संतापून उठला. १८७६ साली कायदा झाला. जहाजाच्या अंगावर भाराची मर्यादा दाखविणारी जी खूण असते तिला आजही त्याचे नाव आहे.

गणपतरावांच्या कारकिर्दीत सारेच उजळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर आम्हीही त्या हारवाल्यांच्या रांगेत जाऊ. शेतकरी कामगार पक्ष १९४७-४८ च्या सुमारास निघाला तेव्हा केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्यासारखे मातब्बर त्यात होते. ते दोघेही पुढे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणात आणखी कित्येक मिळवले गेले. गणपतराव राहिले. पण ते राहिले असताना पक्ष मात्र आटत गेला, आणि २०२४ साली विधानसभेत त्याचा एकच सभासद उरला. सांगोल्याच्या बाहेर सांगोला निर्माण करता आला नाही, ही उणीव लहान नव्हे. आणि त्यांच्या मागे उमेदवारी कोणाकडे गेली? २०१९ साली एका नातवाकडे, २०२४ साली दुसऱ्या नातवाकडे. ज्या पक्षाने शेतकरी आणि कामगार यांचे नाव धारण केले त्यास अर्धशतकाच्या मशागतीनंतर घराबाहेरचा एक शेतकरी वा एक कामगार उमेदवार म्हणून सापडू नये, याचा खेद आम्हांस वाटतो. नातू कर्तबगार असतील; प्रश्न नातवांचा नाही. बारामतीपासून नांदेडपर्यंत ज्या घराणेशाहीस आम्ही नावे ठेवतो ती सांगोल्यात आली म्हणून तिचे नाव बदलत नाही.

तरीही सांगोल्याची पुढची हकीकत आमच्या मूळ मुद्द्यास सोडून नाही. २०१९ साली शेकापचा उमेदवार ७६८ मतांनी पडला आणि शिवसेनेचे शहाजीबापू पाटील निवडून आले. १९९५ साली गणपतरावांस हरविणारेही तेच. तेव्हा ते काँग्रेसचे होते. जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून ज्यांनी दूरध्वनीवरून तेथील डोंगरझाडीचे वर्णन केले आणि जे महाराष्ट्रभर गाजले ते हेच गृहस्थ. त्या वर्णनावर महाराष्ट्र मनमुराद हसला. आम्हीही हसलो; भाषा रसाळ होती यात संशय नाही. त्यानंतर अडीच वर्षे सांगोल्याचा आमदार सत्तेत होता. सिद्धान्ताप्रमाणे सांगोल्याने त्यांस डोक्यावर घ्यावयास हवे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये साऱ्या महाराष्ट्रात सत्ताधारी महायुतीची लाट आली असताना सांगोल्याने त्यांस पाडले आणि शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख यांस निवडून दिले. ज्या तालुक्यास पाणी सर्वांत कमी, गरज सर्वांत अधिक आणि सत्तेकडे धावण्याचे कारण सर्वांत मोठे, त्याच तालुक्याने हा निकाल दिला. घराण्याचा मोह त्यात असेल, आघाड्यांची गणिते असतील. तथापि ‘सत्तेतलाच हवा’ हे कारण त्यात नव्हते, एवढे निश्चित.

विधानसभेची पुढची निवडणूक २०२९ साली यावयाची आहे. त्या वेळी आमच्या दारी जे उमेदवार येतील त्यांतला जो पूर्वी सभासद असेल त्यास आम्ही एकच गोष्ट मागणार आहो: पाच वर्षांत आपण सभागृहात विचारलेल्या प्रश्नांची यादी. विधिमंडळाचे कामकाज छापले जाते, तेव्हा ती मिळविणे अवघड नाही. पवनेच्या विस्थापितांविषयी किती वेळा विचारले, भूसंपादनाच्या मोबदल्याविषयी किती वेळा, इंद्रायणीत मिसळणाऱ्या मैल्याविषयी किती वेळा, आणि प्रत्येक वेळी मंत्र्याने काय उत्तर दिले व त्यावर पुढे काय केले, हे आम्हांस वाचावयाचे आहे. रस्त्याचे फलक आम्ही जाता-येता पाहतोच. त्यांवर छायाचित्र कोणाचे आणि आकडा किती हे वाचण्यास चष्माही लागत नाही. आणि जो नवा असेल त्यास आम्ही विचारू की, सरकार तुमच्या पक्षाचे न आले तर तुम्ही पाच वर्षे काय कराल? कामशेतच्या भातगिरणीपाशी हा प्रश्न विचारला तर लोक प्रथम हसतील, हे आम्हांस ठाऊक आहे.